लाकडी पेनाच्या पोटातलं पितळ

लेथवर घडवलेला पेन हाती आला की कौतुक होतं ते लाकडाचं. पेन तोलून धरते ती मात्र आत चिकटवलेली पितळी नळी. नेहमीच्या सडपातळ पेनात ती साधारण 7 मिलिमीटर जाड असते आणि टोकांशी तिच्यावर लाकडाचा थर 1 मिलिमीटरही उरत नाही.

इतका पातळ थर तडकतो कशाने? बहुतेकदा ओलाव्याने. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने होणारं आकुंचन गाभ्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. आतलं पितळ तर जागचं हलत नाही. मग फाटतं ते लाकूड. म्हणून शिसव असो की बाभूळ, मुरलेलंच घ्यावं. देखण्या पण ओल्या तुकड्याचा मोह नको.

शेवटची झिलई मला सर्वांत गमतीची वाटते. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. पेनवाले मात्र हल्ली चक्क झटपट चिकटणारा सुपरग्लू पातळ थरांत चढवतात. हवेतला ओलावाच त्याला घट्ट करतो.