तार टोचते तेव्हा

दातांना तार लावलेल्या मुलांच्या घरी दिवाळीत दोन गोष्टी एकदमच होतात. फराळाचे डबे उघडतात आणि दंतवैद्यांचे दवाखाने बंद होतात. मग पाडव्याच्या सकाळी एखादी आई काळजीने फोन करते : "डॉक्टर, चकली खाताना हिची एक क्लिप निघाली हो. आता सगळं पहिल्यापासून करायचं का?" तसं काही करावं लागत नाही. दातांच्या उपचारात घाबरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि घात करणाऱ्या वेगळ्या. जे टोचतं, हलतं, निघून हातात येतं, ते बहुतेक वेळा दोन दिवस थांबू शकतं. जे खरंच नुकसान करतं ते दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी कुणाचा फोनही येत नाही.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा सौम्य दाब सतत मिळाला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं हाड भरतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्याच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. हे पेशींचं काम आहे आणि ते त्यांच्याच चालीने होतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच एखादी क्लिप भाऊबीजेपर्यंत सुटलेली राहिली तर केलेलं काम वाया जात नाही. पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, ती तशीच ठेवली तर मात्र तो दात मागे पडतो आणि उपचार लांबतो.

क्लिप निघू शकते, हेही ठरवून केलेलं आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकल बुओनोकोर यांनी दाखवलं की आम्लाने एनॅमल सूक्ष्म खरखरीत केलं तर त्यावर रेझिन घट्ट चिकटतं. त्याआधी जवळपास प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे. पुढे क्लिपा थेट दातावर चिकटवता येऊ लागल्या. पण उपचार संपल्यावर एनॅमलचा कपचाही न उडता त्या काढायच्या असतात, म्हणून हा जोड मुद्दाम बेताचाच ठेवतात. चावण्याच्या रोजच्या जोराला तो पुरतो. कडक बुंदीचा लाडू, चिक्की, चिवड्यातले खोबऱ्याचे तळलेले काप, उसाचं कांडं यांच्यापुढे टिकत नाही. मुलांना फराळ बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेसनाचा लाडू, रव्याचा लाडू, करंजी, चुरून खाल्लेली मऊ शंकरपाळी चालतात. चकलीचे बारीक तुकडे करून दाढेने खावेत. पेरू, सफरचंद पुढच्या दातांनी तोडू नयेत, कापून खावेत.

निघालेली क्लिप बहुधा तारेवरच अडकून राहते, कारण बारीक रबर तिला धरून असतं. ती ओढून काढू नका. गालाला घासत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा. मेण ओल्या धातूवर धरत नाही, म्हणून आधी ती जागा कापसाने कोरडी करायची, वाटाण्याएवढी गोळी बोटांनी मऊ करायची आणि दाबून बसवायची. पोटात गेलं तरी अपाय होत नाही. क्लिप पूर्ण सुटून आली तर डबीत ठेवून दवाखान्यात न्या. घरातला झटपट चिकटणारा ग्लू मात्र कधीही लावू नका. तो तोंडासाठी बनवलेला नसतो आणि नंतर दात साफ करणं अवघड होऊन बसतं.

शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक टोचू लागतं, तेव्हा पालकांना वाटतं तार तुटली. पुष्कळदा उलट असतं. दातांमधल्या फटी मिटत आल्या की तार मागे सरकते आणि तिचं टोक बाहेर येतं, म्हणजे उपचार चालू आहेत. बारीक तार असेल तर स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच दाढेकडे वळवा. जाड तारेला मेण. दोन्हींनी भागलं नाही तर स्पिरिटने पुसलेल्या नेलकटरने टोक कापता येतं, पण डॉक्टरांना फोनवर विचारूनच. मूल बसलेलं आणि मान पुढे झुकलेली हवी, टोकामागे घडी घातलेला स्वच्छ कपडा धरलेला हवा, म्हणजे कापलेला तुकडा घशाकडे जात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दवाखाने मिटले, तेव्हा व्हिडिओ कॉलवर अनेक घरांनी असंच निभावलं.

तार आवळल्यानंतर दोन-तीन दिवस दात ठणकतात. मऊभात, खिचडी, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि गरज पडली तर वयानुसार ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. इतर वेदनाशामकं स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यातली काही दात सरकण्यासाठी लागणारी दाहाची प्रक्रियाच मंदावू शकतात.

थांबता येत नाही अशा गोष्टी मोजक्या आहेत. तुटलेला तुकडा घशात गेला आणि खोकल्याची उबळ, श्वासाला त्रास सुरू झाला, तर दंतवैद्याला शोधत बसू नका, थेट रुग्णालयात जा. चेहऱ्यावर वाढती सूज आणि ताप, न थांबणारं रक्त, जबड्याला मार बसल्यावर तोंड न मिटणं, यांनाही तोच नियम. कबड्डीत किंवा क्रिकेटच्या चेंडूने कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने उचला, मळला असेल तर क्षणभर धुवा, खरवडू नका. शक्य असेल तर जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आता जे दुखत नाही त्याबद्दल. क्लिपभोवती अन्नाचा थर साचला की जंतू आम्ल तयार करतात आणि एनॅमलमधली खनिजं विरघळतात. खडूसारखे पांढरे डाग पडतात, तेही नीट न घासलेल्या दातावर महिनाभरात. दोन वर्षांनी क्लिपा निघतात, दात ओळीत आलेले असतात आणि प्रत्येकावर एक पांढरी चौकट उमटलेली असते. हे पाहून जेवढं वाईट वाटतं, तेवढं निघालेल्या शंभर क्लिपा पाहूनही वाटत नाही. म्हणून ब्रश तारेच्या वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून तिरका धरायचा. फ्लोराइडची टूथपेस्ट हवीच, तारेखालून फिरणारा बारीक ब्रशही हवा. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. हळदीने पिवळं पडलेलं रबर दिसायला वाईट असतं, पण निरुपद्रवी. हिरडीतून रक्त येतंय म्हणून घासणं सोडणं घातक. नीट घासलं की ते थांबतं.

अलायनरमध्ये सुटण्यासारखी तार नसते, तरी धोका तसाच न दुखणारा. या पारदर्शक पट्ट्या दिवसातून वीस ते बावीस तास दातांवर असाव्या लागतात आणि एकेक पट्टी दाताला सुमारे पाव मिलिमीटर हलवते. सणात प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी फराळ. पट्टी खिशात जाते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहते. पुढची पट्टी मग बसतच नाही. पट्टी कागदी रुमालात गुंडाळली की ती कचऱ्यात गेलीच समजा, म्हणून डबी जवळ हवी. गरम पाण्याने धुतली तर तिचा आकार बिघडतो. हरवली तर आधीची घाला आणि डॉक्टरांना विचारा. त्यासाठी आधीचा जोड फेकायचा नाही.

घरबसल्या मापं घेऊन टपालाने पट्ट्या पाठवणाऱ्या व्यवहारापासून मी लोकांना कळकळीने सावध करतो. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारात असलेल्या ग्राहकांना विचारायला माणूस उरला नाही. हिरड्या तपासणारं, एक्स-रेवर मुळं पाहणारं कुणीतरी समोर असलंच पाहिजे. दात सरकवण्याच्या उपचारांचा तज्ज्ञ व्हायला आपल्याकडे बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस करावं लागतं.

उपचार संपल्यावर ‘सुटलेलं थांबू शकतं’ हा नियम उलटा होतो. क्लिपा निघाल्या की दातांना जागेवर धरणारा फक्त रिटेनर असतो आणि भोवतालचं नवं हाड, ताणलेले तंतू अजून स्थिरावलेले नसतात. पुढच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार एका टोकाने सुटली तर दुखत नाही, दिसतही नाही. जिभेला मात्र कळते. ती सुटली, किंवा काढता-घालता येणारा रिटेनर घट्ट वाटू लागला, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. दिवाळी असली तरी फोन करून ठेवावा.