लक्षण लिहावें कीं रोग?

रक्ततपासणीचा कागद घरीं आला, कीं हल्लीं तो वैद्याच्या आधीं घरांतील मंडळीच वाचूं लागतात. एखाद्या आंकड्यापुढें ठळक खूण दिसली, म्हणजे सर्वांच्या तोंडचें पाणी पळतें. अशा आंकड्यांपैकीं दोन अमायलेज व लायपेज या पाचक द्रव्यांचे होत. लायपेज मुख्यतः स्वादुपिंडांत तयार होतें व स्निग्ध अन्न पचवितें. अमायलेज स्वादुपिंडाप्रमाणेंच लाळेच्या ग्रंथींतहि होतें व पिष्टमय अन्न पचवितें. स्वादुपिंडास तीव्र दाह झाला, कीं हीं द्रव्यें बहुधा रक्तांत पुष्कळ वाढतात. एवढी गोष्ट खरी. परंतु त्यावरून, हीं द्रव्यें वाढलीं तेव्हां दाह झालाच, असें म्हणतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर केसपेपरावर कसें उतरतें, यावर रोग्याचें पुढील बरेंच हिताहित अवलंबून असतें.

न्यायशास्त्राशीं परिचय असलेल्या वाचकांस तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टांत आठवेल. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, तें योग्य. पण अग्नीवरून धुराचें अनुमान करूं नये, कारण तापलेल्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. अग्नीस ओल्या सरपणाची जोड मिळाली, तरच धूर निघतो. वाढलेल्या आंकड्याचें तसेंच आहे. त्यास दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्यावांचून त्यावरून रोग सिद्ध होत नाहीं.

ही जोड कोणती, तें वैद्यकानें ठरवून दिलें आहे. अटलांटा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निकषांची सुधारलेली आवृत्ति २०१२ सालीं तयार झाली. तीप्रमाणें तीन गोष्टींपैकीं दोन तरी असल्या पाहिजेत: पोटाच्या वरच्या भागांतील विशिष्ट दुखणें, लायपेज किंवा अमायलेज प्रमाणाच्या वरच्या मर्यादेच्या निदान तिप्पट असणें, आणि सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन अशा चित्रांत दाहाची खूण दिसणें. केवळ आंकडा ही तिहींतील एकच गोष्ट झाली. आणि तो तिप्पट नसेल, तर तीहि पुरी झाली नाहीं.

याचें कारण उघड आहे. गालगुंडांत अमायलेज वाढतें. मूत्रपिंडें दुबळीं झालीं, कीं हीं दोन्हीं द्रव्यें रक्तांत सांचतात. आंतड्यास अडथळा झाला किंवा छिद्र पडलें, तरी अमायलेज वाढतें. कित्येकांच्या रक्तांत अमायलेजचे कण मोठ्या प्रथिनांस चिकटून राहतात, ते मूत्रावाटे बाहेर पडत नाहींत, आणि निरोगी माणसाचा आंकडा वर दिसतो. इटलींतील गुल्लो या वैद्यांनीं तर १९९६ सालीं अशीं माणसें वर्णिलीं, कीं ज्यांचीं हीं द्रव्यें वाढलेलीं असूनहि स्वादुपिंड धडधाकट होतें. उलट, रक्तांत स्निग्धांश फार वाढल्यामुळें दाह झाला असेल, तर खरा रोग असूनहि अमायलेज प्रमाणांत दिसूं शकतें.

आतां लिहिण्याकडे वळूं. रोगांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी १८९३ सालीं फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियों यांनीं मांडलेल्या यादीपासून वाढत आली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आहे. तिच्या दहाव्या आवृत्तींत तीव्र दाहास 'के ८५' हा संकेतांक आहे. पण नुसतें अमायलेज वा लायपेज वाढलेलें असेल, तर त्यास 'आर ७४.८' हा निराळा संकेतांक आहे, आणि तो लक्षणें व तपासण्यांतील विकृति यांच्या अठराव्या प्रकरणांत येतो. रोग ठरला नसेल तेव्हां जेवढें कळलें तेवढेंच लिहितां यावें, म्हणून हें प्रकरण राखलेलें आहे.

या वर्गवारीची विस्तृत आवृत्ति अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहे. तिचे नियम मार्मिक आहेत. बाह्यरुग्ण विभागांत वैद्यानें 'संभाव्य' किंवा 'संशयित' असें लिहिलें असेल, तर तो रोग धरावयाचा नाहीं. लक्षण वा आंकडाच नोंदावा. रुग्णालयांत राहून घरीं जाणाऱ्या रोग्याच्या अखेरच्या कागदावर मात्र तेच शब्द असले, तर रोग आहे असें धरून नोंद होते. तसेंच रुग्णालयांतील रोग्याचा आंकडा केवळ चढा आहे म्हणून संकेतांक देतां येत नाहीं. त्यास महत्त्व आहे असें वैद्यानें लिहिलें पाहिजे. नोंद करणाऱ्यानें स्वतः तर्क न करितां वैद्यास विचारावें.

आपल्याकडे विम्याच्या दाव्याच्या अर्जांत, रुग्णालयानें भरावयाच्या भागीं, याच दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकाची जागा असते. तेथें 'के ८५' पडलें, कीं तो माणूस कागदोपत्रीं स्वादुपिंडाचा रोगी झाला. पुढें नवा विमा घेतांना हा पूर्वीचा रोग गणला गेला, तर त्यासाठीं ठराविक मुदत थांबावें लागतें. २०२४ च्या नियमांनीं ही कमाल मुदत ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली, तरी तीन वर्षें थोडीं नव्हेत. दुसऱ्या बाजूनें, खरा दाह असतां नुसता आंकडा लिहिला, तर पुढचा वैद्य बेसावध राहतो आणि दावाहि लंगडा पडतो.

म्हणून चांगल्या केसपेपरांत आंकडा, त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा, रक्त घेतल्याची वेळ, दुखणें होतें कीं नव्हतें, सोनोग्राफींत काय दिसलें, मूत्रपिंडांची स्थिति, चालू औषधें, आणि शेवटीं वैद्याचा स्वतःचा निर्णय, इतक्या गोष्टी असाव्यात. निर्णय झाला नसेल, तर 'लायपेज वाढलेलें, कारण शोधणें आहे' असें स्पष्ट लिहिणें कमीपणाचें नाहीं.

गृहस्थांनीं रुग्णालय सोडण्यापूर्वीं डिस्चार्ज कार्ड शांतपणें वाचावें. रोगाचें नांव लिहिलें असेल, तर तें कशावरून ठरलें, हें डॉक्टरांस नम्रपणें विचारावें. तें नुसत्या संशयावरून असेल, तर त्याच वेळीं दुरुस्ती मागावी. सर्व कागद तारखेवार एका फाइलींत जपावे. पोटांत तीव्र कळा येत असतां मात्र आंकड्यांचा खल करीत न बसतां तडक वैद्य गांठावा. नांव काय लिहावें, हा विचार त्यानंतरचा.