वाटणी आणि भागीदारी

पाणी वाटण्याऐवजी धरणच सामाईक मालकीचे केले तर? पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीकाठच्या माली, मॉरिटानिया व सेनेगल या राष्ट्रांनी १९७२ साली संयुक्त संस्था स्थापून हाच मार्ग पत्करला. मनांताली धरण मालीच्या भूमीवर असले, तरी मालकी तिघांची. विजेचे वाटे अनुक्रमे ५२, १५ व ३३ टक्के. १९८९ मध्ये सेनेगल व मॉरिटानिया यांच्यात रक्तपात होऊन राजनैतिक संबंध तुटले. संस्था मात्र टिकली. २०१८ साली याच दोघांनी सागरी सीमेवरील वायुसाठा प्रारंभी निम्मा-निम्मा वाटून घेण्याचा करार केला. तथापि पूर आवरले गेल्याने ओसरत्या पुराच्या ओलीवर पेरणारा शेतकरी नाडला गेला. राष्ट्राराष्ट्रांतील न्याय त्याच्या शेतापर्यंत पोहोचेल, तेव्हाच ही भागीदारी पूर्ण होईल.