काँक्रीटची भिंत आणि तिचे वय

चांगल्या, नव्या, स्वच्छ भिंती सोडून मुद्दाम डागाळलेल्या नि पोपडे निघालेल्या भिंती संगणकावर रंगवीत बसण्यात कसली आली आहे कला, असे आम्हाला पुष्कळदा विचारण्यात येते. प्रश्न रास्त आहे. ज्या ओलीपायी आपण दर उन्हाळ्यात गवंड्याला बोलावतो, तीच ओल चित्रात आणण्यासाठी कोणी रात्री जागवाव्यात, हे वरवर पाहता वेडेपणाचेच वाटेल. तेव्हा या गोष्टीचा थोडा मुळापासून विचार करू.

संगणकातील त्रिमिती चित्रात वस्तूचा प्रथम नुसता आकार तयार होतो. भिंत म्हणजे एक कोरा ठोकळा. वहीला कव्हर घालावे तसे या ठोकळ्यावर एक चित्र चढवितात, त्याला 'टेक्श्चर' असे नाव आहे. ही युक्ती एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात मांडली. पुढे १९७८ मध्ये जेम्स ब्लिन यांनी असे दाखवून दिले की, पृष्ठभाग प्रत्यक्ष उंचसखल न करताही केवळ उजेडाचे गणित बदलून तो खडबडीत भासविता येतो. १९८५ मध्ये केन पर्लिन यांनी निसर्गातल्यासारखा अनियमितपणा गणिताने निर्माण करण्याची रीत प्रसिद्ध केली. आजची सारी इमारत या पायावर उभी आहे.

आज एका काँक्रीटसाठी एक चित्र पुरत नाही. एकात रंग, दुसऱ्यात खडबडीतपणा, तिसऱ्यात उंचसखलपणा, अशी निरनिराळी चित्रे एकावर एक बसवितात. पृष्ठभाग धातूचा आहे की नाही, हेही सांगावे लागते. काँक्रीट धातू नव्हे, म्हणून तेथे शून्य. नवशिका मात्र गंजाच्या डागापाशी हटकून चुकतो. लोखंड धातू खरे, पण गंज धातू नव्हे. तो मातीसारखा निस्तेजच दिसला पाहिजे.

आमची स्वतःची पहिली भिंत सपशेल फसली, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही भर उन्हात एका भिंतीचे छायाचित्र घेतले व तेच ठोकळ्यावर पुनःपुन्हा जोडले. छायाचित्रातील सावल्या एका बाजूला आणि पडद्यावरचा सूर्य दुसऱ्या बाजूला! शिवाय एकच काळा डाग ओळीने सहा वेळा उमटला, छापील लुगड्यावरच्या बुट्ट्यांसारखा. तेव्हापासून आम्ही छायाचित्रे ढगाळ दिवशीच घेतो. परंतु खरा धडा निराळाच होता. डाग कोठे पडतो, हे ठाऊक होण्यासाठी तो का पडतो, हे आधी समजले पाहिजे.

काँक्रीटवरच्या काही खुणा जन्मापासूनच्या असतात. ओले काँक्रीट शटरिंगच्या फळ्यांत ओततात. त्या फळ्यांच्या लाकडाच्या रेघा आणि अडकलेल्या हवेची बारीक भोके भिंतीवर कायमची राहतात. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलात ल कॉर्बुझिए यांनी या खुणा गिलाव्याखाली न झाकता तशाच उघड्या ठेवल्या. २०१६ साली युनेस्कोने त्या संकुलाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

दुसऱ्या खुणा पाण्याच्या. पाणी छज्जावर थबकते, खिडकीच्या कोपऱ्यातून ओघळते, वाटेतील धूळ आपल्याबरोबर खाली नेते. जेथे ओल टिकते तेथे शेवाळ वाढते नि पुढे काळे पडते. भिंतीतून झिरपणारे पाणी आतले क्षार बाहेर आणून पांढरे चट्टे उठविते. १९९६ साली ज्युली डॉर्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचे हे वाहणेच गणितात बसवून डाग आपोआप उमटविण्याची पद्धत मांडली. ओल्या भिंतीचे आणखी एक लक्षण असे की, ती काळवंडते आणि त्याच वेळी चकाकतेही. केवळ रंग गडद केला तर ती भिंत ओली दिसत नाही, मळकी दिसते.

तिसरी खूण सर्वांत गंभीर. ताजे काँक्रीट क्षारधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळया गंजापासून सुरक्षित राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून हा क्षारधर्म कमी करीत जातो. मग ओल व हवा मिळताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो; काँक्रीटला हा ताण सोसत नाही. प्रथम सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, त्यातून तांबूस ओघळ येतो, आणि शेवटी पोपडा सुटतो. म्हणून चित्रात पोपडा वाटेल तेथे काढून चालत नाही. त्याच्या मागे सळई असावी लागते.

हे सारे शिकत असताना एका संध्याकाळी आम्ही आमच्याच इमारतीखाली उभे होतो. दुसऱ्या मजल्याच्या छज्जाखाली एक तांबूस रेघ होती. ती तेथे कित्येक महिने असावी. आम्ही रोज तिच्याखालून जात होतो. त्या आठवड्यात तशीच रेघ आम्ही पडद्यावर रंगविली होती, म्हणून ती दिसली. अभियंत्याला बोलावले. त्याने हातोडीने ठोकताच आवाज पोकळ आला, नि हाताएवढा तुकडा सुटून खाली पडला. त्याच जागी मुले रोज क्रिकेट खेळत असत.

आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच आहे. डागांची हुबेहूब नक्कल करता करता डोळ्यांना भिंत वाचण्याची सवय लागते, आणि ही सवय चित्रकाराइतकीच घरमालकालाही उपयोगी आहे. पुढे पावसाळा येईल. पहिल्या चारदोन सरी झाल्या की आपण आपल्या घराच्या भिंतीसमोर दहा मिनिटे उभे राहावे, पाणी कोठून येते नि कोठे मुरते ते पाहावे. पांढरा चट्टा दिसला तर ओलीचा माग काढावा, आणि तांबूस ओघळ दिसला तर मात्र त्यावर रंग मारून झाकू नये; जाणत्या माणसाला बोलावून दाखवावा.