वाळवीचं औषध वाळवीच्या अंगात जाऊन करतं काय?



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: दाराच्या चौकटीला वाळवी लागली, कुठलं औषध मारायचं? आज आम्ही औषधाचं नाव सुचवणार नाही. ते वाळवीला कसं मारतं, ते सांगणार आहोत. ते कळलं, की आपलं अंग का जपायचं हेही कळतं.

वाळवी असो की माणूस, शरीरातली प्रत्येक पेशी अन्न आणि ऑक्सिजन वापरून शक्ती तयार करते. चूल पेटली की ठिणग्या उडायच्याच, तशा इथेही उडतात. ऑक्सिजनचे हे तिखट कण जवळ येईल त्याला इजा करतात. त्यांना विझवायला पेशीत राखणदार असतात, त्यांना विकरं म्हणतात. एक विकर त्या कणांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, तर कॅटालेज नावाचं दुसरं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो ना? ते आपल्या रक्तातल्या कॅटालेजचंच काम.

आता वाळवीच्या अंगात क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड जातं. पहिला घाव नसांवर बसतो. नसांमधला निरोप थांबतच नाही, अंग थरथरत राहतं. शक्ती जास्त लागते, म्हणून चूल भडकते आणि ठिणग्या वाढतात. विष पचवून बाहेर टाकण्याच्या धडपडीत त्यात आणखी भर पडते. सुरुवातीला राखणदार जोर लावतात, पण विष जास्त झालं की तेही थकतात. मग पेशीच्या पडद्यातली चरबी खराब होते, अगदी जुनं खोबरं खवट होतं तशी. प्रथिनं आणि जनुकंही बिघडतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. वाळवी मंदावते, खाणं सोडते आणि मरते.

कामकरी वाळव्या एकमेकींना तोंडाने भरवतात, चाटून स्वच्छ करतात. हळू काम करणारं विष असंच वारुळात पसरतं. मात्रा वाढवली, तर पहिल्या वाळव्या जागीच मरतात आणि विष पुढे जात नाही. म्हणून प्रमाण दुप्पट केलं तर फायदा दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

कारण मैत्रिणींनो, तशीच चूल, तेच राखणदार आणि नसांचे तसेच निरोप आपल्यातही आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. आवळा, लिंबू तब्येतीला चांगलेच, पण त्यांनी विष उतरत नाही.

म्हणून एवढं पाळू या:
- द्रावण हाताने ढवळायचं नाही. काठी, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.
- विष कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. मुलं पितात.
- धान्याजवळ, विहिरीजवळ फवारायचं नाही.
- काम झाल्यावर साबणाने अंघोळ करायची, कपडे वेगळे धुवायचे.
- लाळ गळणं, घाम, उलटी, धाप, डोळ्यापुढे धूसर दिसणं यातलं काही झालं, तर कपडे काढून अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि डब्याचं लेबल डॉक्टरांना दाखवायचं.

आणि विषाआधी साधे उपाय करू या. लाकूड आणि कणगी जमिनीपासून उंच, दगडावर ठेवू. गळकी, ओली भिंत दुरुस्त करू. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसताच खरवडून काढू. शेतात कच्चं शेणखत न टाकता चांगलं कुजलेलंच टाकू. बांधावरचं वारूळ मात्र उगीच फोडायला नको. वाळलेला पालापाचोळा, लाकूड यांची माती करण्याचं मोठं काम तीच वाळवी करते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या डब्यांची लेबलं वाचून यावं. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवावं.