चोर सुधरतोय, सरळमार्गी बिघडतोय!

'द फॅमिली मॅन' आणि 'फर्जी' एका बैठकीत संपवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण त्याच राज-डीके जोडीचा 'शोर इन द सिटी' किती जणांनी पाहिलाय? २०११ मध्ये आलेला हा सिनेमा फारशी हवा न करता गेला. खरंतर मुंबईची इतकी मस्त खेचणारे क्राइम कॉमेडी सिनेमे हिंदीत मोजकेच आहेत.

काळ गणेशोत्सवाचा. टिळक (तुषार कपूर) पायरेटेड पुस्तकं छापतो. बेस्टसेलर दुकानात लागण्याआधी आपली कॉपी तयार हवी, म्हणून तो लेखकालाच उचलतो! रमेश (निखिल द्विवेदी) आणि मंडूक (पितोबाश) हे त्याचे साथीदार. लोकलमध्ये ढापलेल्या बॅगेत या तिघांना चक्क बंदुका सापडतात आणि सुरू होतो राडा. मंडूक पडद्यावर आला की हसू आवरत नाही.

दुसरीकडे आहेत दोन सरळमार्गी. परदेशातून परतलेला अभय (सेंधिल राममूर्ती) छोटा बिझनेस सुरू करतो, तर दारात 'प्रोटेक्शन' देणारे भाई हजर. सावन (संदीप किशन) चांगला क्रिकेट खेळतो, पण टीममध्ये यायचं तर बॅटआधी पाकीट काढावं लागतं. त्यात गर्लफ्रेंडच्या (गिरिजा ओक) घरी स्थळं बघणं चालू.

खरी गंमत पुढे आहे. चोरीची पुस्तकं छापणारा टिळक 'द अल्केमिस्ट' वाचायला लागतो. अनोळखी वाटणाऱ्या नव्या बायकोशी (राधिका आपटे) त्याचा संवाद सुरू होतो. म्हणजे चोर हळूहळू माणसात येतोय. आणि नियमाने जगू पाहणारे अभय-सावन? त्यांना शहर रोज थोडंथोडं गुन्ह्याकडे ढकलतंय. इथे भाई हप्ता मागतो आणि सिलेक्टर लाच मागतो. फरक एवढाच, की भाईला आपण गुंड म्हणतो.

बाहेर ढोल-ताशे इतके जोरात, की आतला आवाज कुणाला ऐकूच येऊ नये. सिनेमाच्या नावातला 'शोर' तो हाच.

सगळंच परफेक्ट आहे असं नाही. अभयची गोष्ट बाकीच्या धमालीपुढे जड वाटते आणि तीन ट्रॅक जुळायला वेळ लागतो. तरी सावनसमोरचा प्रश्न आपल्या वयाचाच आहे. टॅलेंट आहे, मेहनतीची तयारी आहे, पण कुणीतरी हळूच म्हणतं, 'थोडं अॅडजस्ट करा.' पहिल्यांदा हो म्हणताना ते 'थोडं'च वाटतं. पुढच्या वेळी रेट वाढलेला असतो.

सबमिशन संपली की ग्रुप जमवा आणि हा सिनेमा लावा. मंडूकवर मनसोक्त हसा. मग एकमेकांना विचारा, सावनच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? उत्तर लगेच आलं, तर सिनेमा पुन्हा एकदा बघा.