बफर कोणाच्या स्वाधीन?

पोथीचे पान कॅमेऱ्यासमोर ठेवावे आणि ते संगणकाच्या पडद्यावर उमटावे, एवढेच अभ्यासकास दिसते. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली. तेव्हापासून हस्तलिखितांच्या संगणकीय प्रतींशी आपला परिचय वाढला आहे. ती प्रत उपकरणातून आपल्यापर्यंत कशी येते, हे पाहणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

आपण वापरतो तो प्रोग्राम कॅमेऱ्याशी सहसा थेट बोलत नाही. ते काम ड्रायव्हरचे. आणि लिनक्ससारख्या प्रणालीत ड्रायव्हर हा बहुधा कर्नेलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, घटक असतो. प्रोग्रामची स्मृती वेगळी, कर्नेलची वेगळी. या दोहोंमध्ये माहिती ठेवण्याघेण्याची जी जागा, तिला बफर म्हणतात.

देवाणघेवाणीची पहिली रीत नकलेची होय. ड्रायव्हर आपल्या बफरात माहिती घेतो व कर्नेल तिची नक्कल प्रोग्रामच्या स्मृतीत उतरवून देते. तत्पूर्वी, प्रोग्रामने दिलेला पत्ता त्याच्याच स्मृतीतील आहे की नाही, हे तपासले जाते. अन्यथा एखादा प्रोग्राम कर्नेलचीच स्मृती पुसून टाकू शकेल. माहिती उलट दिशेने येताना आणखी एक दक्षता लागते. प्रोग्रामच्या स्मृतीतील मजकूर एकदाच उतरवून घ्यावा आणि ती नक्कलच तपासून वापरावी. तोच मजकूर दोनदा वाचल्यास मधल्या क्षणी तो बदलला जाऊ शकतो. मग तपासलेला पाठ एक आणि वापरलेला पाठ दुसरा, अशी स्थिती होते. पाठचिकित्सकास हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि नकलेस श्रम पडतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस ३ बाइट लागणारे चित्र ६२,२०,८०० बाइटांचे होते. सेकंदाला अशी २५ चित्रे येत असतील, तर केवळ नकलेपायी दर सेकंदास साडेपंधरा कोटी बाइट हलवावे लागतात.

म्हणून दुसरी रीत सामायिक बफरांची. लिनक्समधील ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ या व्यवस्थेत प्रोग्राम काही बफर मागतो आणि ते आपल्या स्मृतीशी जोडून घेतो. पुढे चित्र हलत नाही, केवळ बफराचा ताबा बदलतो. प्रोग्राम रिकामा बफर ड्रायव्हरच्या रांगेत लावतो. तो भरला की काढून घेतो, वाचतो व पुन्हा रांगेत लावतो. बफर परत करण्यास विलंब झाला, तर ड्रायव्हरजवळ रिकामी जागा उरत नाही आणि मधली चित्रे निसटतात. उलट, परत केलेला बफर प्रोग्राम वाचतच राहिला, तर वरचा भाग नव्या चित्राचा व खालचा जुन्याचा, असे मिश्रण हाती येऊ शकते.

नकलेच्या रीतीत दोन्ही पक्षांना वेगळे ठेवण्याची हमी कर्नेल देते. सामायिक रीतीत बफर आपल्या ताब्यात नसताना त्यास न शिवण्याचा करार प्रोग्रामने स्वतः पाळावा लागतो. वेग मिळतो तो या शिस्तीच्या मोबदल्यात. संगणकीय प्रतीत एखादी ओळ अकस्मात तुटलेली दिसल्यास तो दोष लेखनिकाच्या माथी मारण्यापूर्वी मूळ पान पाहावे, हे त्यावरून ओघानेच येते.